बुद्धीच्या उतरणीचे मोजमाप
हंटिंग्टनच्या आजारातील दीर्घकालीन निरीक्षणे

अंगात ताप किती आहे हे तापमापक सांगतो, वजन किती घटले हे काट्यावर कळते, आणि रक्तातील साखर प्रयोगशाळेत मोजता येते. परंतु एखाद्या माणसाची विचारशक्ती वर्षागणिक थोडथोडी उणी होत असेल, तर ती किती उणी झाली हे कसे ठरवावे? ही घट पंधरा-वीस वर्षे चालणारी असेल आणि तिचा आरंभ स्वतः रोग्याच्याही ध्यानात येत नसेल, तर प्रश्न अधिकच बिकट होतो. हंटिंग्टनचा आजार हा नेमका असा रोग आहे. या रोगातील बुद्धीच्या घटीचा माग शास्त्रज्ञांनी कसा काढला, त्यात कोणत्या अडचणी आल्या, आणि या मोजणीवर पुढील उपचारांची आशा का अवलंबून आहे, याचा परिचय या लेखात करून देण्याचा विचार आहे.

रोग आणि त्याचे मूळ

१८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकन डॉक्टराने एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड या बेटावरील काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या एका विकाराचे वर्णन त्यात होते. रोग्याचे हातपाय, चेहरा व धड आपोआप, नाचल्यासारखे हलू लागत, आणि त्याबरोबर मनही ढासळत जाई. हंटिंग्टन यांचे वडील व आजोबा हे दोघेही त्याच भागात वैद्यकी करीत असत. एकाच घराण्यातील आजोबा, मुलगा व नातू यांना आळीपाळीने पाहणाऱ्या तीन पिढ्यांच्या डॉक्टरांचा अनुभव त्या निबंधामागे होता. म्हणूनच त्यांना या रोगाची तीन लक्षणे ठामपणे सांगता आली. रोग आनुवंशिक आहे. त्यात मनोविकाराकडे व आत्महत्येकडे कल असतो. आणि तो गंभीर रूपात प्रौढ वयातच प्रकट होतो. दीर्घकाळ पाहिल्यावाचून या रोगाचे स्वरूप कळत नाही, हा धडा आरंभापासूनच मिळालेला आहे.

रोगाचे मूळ सापडण्यास मात्र शंभरांहून अधिक वर्षे लागली. व्हेनेझुएला देशातील माराकाइबो सरोवराच्या काठी या रोगाने ग्रासलेली फार मोठी कुटुंबे राहतात. त्यांच्या रक्ताच्या नमुन्यांचे मोठे साह्य होऊन १९८३ साली असे दिसून आले की, रोगाचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. प्रत्यक्ष जनुक १९९३ साली हाती आले. या जनुकात ‘सी-ए-जी’ ही तीन रासायनिक अक्षरे पुनःपुन्हा आलेली असतात. निरोगी माणसात त्यांची आवर्तने २६ किंवा त्याहून कमी असतात. ती ४० किंवा त्याहून अधिक झाली, तर सामान्य आयुर्मर्यादेत रोग होतोच. ३६ ते ३९ आवर्तने असलेल्यांपैकी काहींना तो होतो, काहींना होत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाला रोग असेल, तर प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो.

हे सदोष जनुक जन्मापासून शरीरात असते. परंतु लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिसू लागतात. मेंदूच्या खोल भागात ‘कॉडेट’ व ‘पुटामेन’ नावाचे दोन पिंड आहेत. त्यांतील मज्जापेशी प्रथम नष्ट होऊ लागतात. हे पिंड मेंदूच्या पुढील भागाशी अनेक तंतूंनी जोडलेले असून, हालचालींप्रमाणेच योजना आखणे, लक्ष एका कामावरून दुसऱ्याकडे वळविणे व भावना आवरणे या कार्यांतही त्यांचा वाटा असतो. तेव्हा हा रोग केवळ हातापायांचा आहे अशी जी समजूत पुष्कळ दिवस होती, ती अपुरी होती.

प्रथम काय जाते?

बुद्धिक्षय म्हटला की सामान्यतः विस्मरण डोळ्यांपुढे येते. माणसे ओळखू न येणे, घरचा रस्ता चुकणे ही चित्रे अल्झायमरच्या रोगामुळे परिचयाची झाली आहेत. हंटिंग्टनच्या आजारात घट निराळ्या वाटेने येते. प्रथम मंदावतो तो विचारांचा वेग. प्रश्न कळतो, उत्तरही ठाऊक असते. परंतु ते ओठांवर येण्यास वेळ लागतो. दोन कामे एकाच वेळी सांभाळणे कठीण जाते. कामाचा क्रम लावणे, अडचण आली असता योजना बदलणे, स्वतःहून एखादी गोष्ट सुरू करणे यांत उणीव पडते. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील राग, किळस वा भीती ओळखण्याची शक्तीही उणावते. उलट, शब्दांचे अर्थ व आप्तांची ओळख ही बराच काळ टिकून राहतात. ऐकलेल्या शब्दांची यादी मनाने आठवून सांगता येत नाही, पण तेच शब्द समोर ठेवले तर त्यांपैकी बरेचसे ओळखता येतात. आठवण पुसलेली नसते. ती शोधून काढण्याचे काम अवघड झालेले असते.

घरच्या माणसांना हे सारे रोगाचे लक्षण म्हणून क्वचितच जाणवते. हिशेब वेळेवर न करणारा पती बेपर्वा ठरतो, स्वयंपाकाचा क्रम चुकणारी पत्नी आळशी ठरते, आणि कामावरचा वरिष्ठ माणूस बदलला म्हणून तक्रार करतो. त्यात आणखी एक भर पडते. आपल्यात झालेला बदल जाणण्याची शक्तीच या रोगात पुष्कळदा कमी होते. ‘मला काही झालेले नाही’ असे जेव्हा रोगी म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. यामुळे रोग्याच्या सांगण्यावर किंवा घरच्यांच्या आठवणीवर विसंबून घटीचा अंदाज करता येत नाही. त्यासाठी बाहेरचे, सर्वांना सारखे असे माप हवे.

मापाची साधने

ही साधने दिसावयास अगदी साधी असतात. सर्वांत अधिक वापरली जाणारी चाचणी चिन्हे व अंक यांची आहे. कागदाच्या माथ्यावर नऊ चिन्हे छापलेली असतात व प्रत्येकाखाली एक अंक दिलेला असतो. त्याखाली तीच चिन्हे उलटसुलट क्रमाने, पण अंकांवाचून असतात. नव्वद सेकंदांत जितक्या चिन्हांखाली योग्य अंक लिहिता येतील तितके लिहावयाचे. यात नजर, लक्ष, स्मरण व वेग या साऱ्यांचाच कस लागतो.

दुसरी चाचणी १९३५ साली स्ट्रूप या मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या भागात रंगांची नावे भराभर वाचावयाची असतात, दुसऱ्यात ठिपक्यांचे रंग सांगावयाचे असतात. तिसऱ्या भागात ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगावा लागतो. सवयीने ओठांवर आलेला शब्द मागे सारून योग्य उत्तर देणे ही मनाच्या संयमनशक्तीची परीक्षा होय. तिसऱ्या प्रकारात दिलेल्या अक्षराने आरंभ होणारे शब्द एका मिनिटात शक्य तितके सांगावयाचे असतात. आणखी एका चाचणीत ठरावीक अंतराने टिकटिक ऐकवितात व तिच्या तालावर बोट आपटावयास सांगतात. मग टिकटिक बंद करतात, तरी ताल तसाच चालू ठेवावा लागतो. रोगात हा ताल लवकर डळमळतो.

१९९६ साली अमेरिकेतील व इतर देशांतील तज्ज्ञांनी हालचाली, बुद्धी, वर्तन व दैनंदिन कार्यक्षमता या सर्वांचे मापन एका समान पत्रकात गोवले. दैनंदिन कार्यक्षमतेसाठी १३ गुणांची श्रेणी तत्पूर्वी १९७९ सालीच तयार झाली होती. नोकरी, पैशाचे व्यवहार, घरकाम, स्वतःचे आवरणे व देखभालीची गरज या पाच बाबींवर ती आधारलेली आहे. तेरा गुण म्हणजे संपूर्ण स्वावलंबन आणि शून्य म्हणजे संपूर्ण परावलंबन. चाचणीतील आकडा माणसाच्या प्रत्यक्ष जीवनाशी जोडून पाहण्याचे काम ही श्रेणी करते.

एकच आकडा का फसवितो?

एवढी साधने हाती असता घट मोजणे सोपे असावे, असे वाटेल. पण खरी अडचण येथूनच सुरू होते. एकाच दिवशी घेतलेल्या चाचणीवरून फारसे काही ठरत नाही. कमी शिकलेल्या निरोगी माणसाला जितके गुण पडतील, तितकेच गुण उच्चशिक्षित रोग्याला पडू शकतात. मात्र त्या रोग्याला पूर्वी त्याहून पुष्कळ अधिक पडले असते. रात्रीची झोप झाली नसेल, मन खिन्न असेल, किंवा हालचाली आवरण्यासाठी दिलेल्या औषधाने सुस्ती आली असेल, तरीही आकडा खाली जातो. हात थरथरत असेल तर अंक लिहिण्यास वेळ लागतो आणि दोष हाताचा असता तो बुद्धीच्या माथी मारला जातो. म्हणून माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागील आकड्यांशी करणे आवश्यक ठरते. एकच चाचणी दर वर्षी, शक्यतो त्याच पद्धतीने, पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.

परंतु पुन्हा घेतलेल्या चाचणीत सरावाचा प्रश्न उद्भवतो. समजा, दोन माणसांनी पहिल्या वर्षी ५० चिन्हे बरोबर ओळखली. पुढील वर्षी निरोगी माणसाने ५३ ओळखली, कारण चाचणी त्याच्या परिचयाची झाली होती. सदोष जनुक असलेल्याने मात्र पुन्हा ५०च ओळखली. केवळ दुसऱ्याचा आकडा पाहणारा म्हणेल की, यात काही बदल नाही. वास्तविक सरावाने जो लाभ व्हावयास हवा होता, तो त्याला झाला नाही, आणि ही घटीची पहिली खूण असू शकते. (हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.) यावरून ध्यानात येईल की, रोग्यांबरोबर निरोगी माणसांचाही तितकाच काळ पाठपुरावा केला पाहिजे. तुलनेसाठी बहुधा रोग्याचा जोडीदार, किंवा ज्याच्या वाट्याला सदोष जनुक आले नाही असा भाऊ वा बहीण निवडतात. त्यांचे घर, राहणी व काळजी ही बरीचशी सारखीच असतात. फरक उरतो तो मुख्यतः जनुकाचा.

दुसरी अडचण गळतीची. वर्षे जातात तशी काही माणसे केंद्रात येईनाशी होतात, आणि ज्यांची प्रकृती अधिक ढासळली आहे त्यांचीच गळती अधिक असते. उरलेल्यांची सरासरी काढली तर रोग आहे त्याहून सौम्य भासतो. यासाठी न आलेल्यांचा हिशेबही गणिताने धरावा लागतो.

दीर्घ पाठपुराव्यातून काय दिसले?

या सर्व गोष्टी ध्यानात घेऊन गेल्या काही दशकांत मोठे प्रयत्न झाले. ‘ट्रॅक-एचडी’ या अभ्यासास २००८ साली लंडन, पॅरिस, लायडन व व्हँकूव्हर या चार शहरांत आरंभ झाला. त्यात ३६६ व्यक्तींनी भाग घेतला. त्यांपैकी १२० जणांत सदोष जनुक होते पण रोग प्रकट झालेला नव्हता, १२३ जण रोगाच्या पहिल्या अवस्थेत होते, आणि १२३ जण तुलनेसाठी होते. तीन वर्षांच्या पाठपुराव्यात असे दिसले की, रोगाच्या पहिल्या अवस्थेतच बुद्धीच्या चाचण्यांतील घट वर्षावर्षाला स्पष्टपणे मोजता येते. रोग प्रकट न झालेल्यांचे चित्र मात्र निराळे होते. त्यांच्या मेंदूतील कॉडेट व पुटामेन हे पिंड आकसत असल्याचे प्रतिमांत दिसत होते. पण चाचण्यांतील घट मुख्यत्वे, ज्यांची लक्षणे दिसण्याची वेळ जवळ आली होती त्यांच्यातच आढळली. म्हणजे मेंदूची हानी होऊ लागल्यावरही माणूस काही वर्षे आपले काम नीट निभावून नेतो.

‘प्रेडिक्ट-एचडी’ या दुसऱ्या अभ्यासात एक हजारांहून अधिक व्यक्तींची निरीक्षणे केली गेली. हालचालींवरून निदान होण्याच्या कित्येक वर्षे आधीच बुद्धीत सूक्ष्म बदल सुरू होतात, हे त्यावरून सिद्ध झाले. रूढ पद्धतीप्रमाणे, हालचाली या रोगामुळेच आहेत अशी डॉक्टरांची ९९ टक्के खात्री झाली म्हणजे रोगाचा आरंभ झाला असे मानीत. प्रत्यक्षात त्या दिवसापूर्वीच पुष्कळ काही घडून गेलेले असते.

मग हा आरंभ किती मागे जातो? लंडन येथील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सदोष जनुक असलेल्या ६४ तरुणांची तपासणी केली होती. त्यांची लक्षणे दिसण्यास सरासरीने सुमारे २४ वर्षे अवकाश असावा, असा हिशेब होता. बुद्धीच्या चाचण्यांत ते तुलनेच्या गटातील तरुणांहून उणे पडले नाहीत. तथापि मज्जापेशींना इजा झाल्यास पाठीच्या कण्यातील द्रवात ज्याचे प्रमाण वाढते, असे एक प्रथिन त्यांच्यापैकी अनेकांत वाढू लागलेले आढळले. यावरून असे म्हणता येईल की, जन्मापासून जनुक असले तरी बुद्धी पूर्ण तेजात राहते असा मोठा कालखंड या माणसांच्या आयुष्यात असतो. उपचार निघाल्यास तो याच कालखंडात देणे अधिक फलदायी ठरावे.

२०२२ साली याच ज्ञानाच्या आधारे संशोधनासाठी रोगाच्या नव्या पायऱ्या ठरविण्यात आल्या. पायरी शून्य म्हणजे केवळ जनुक असणे. पहिली म्हणजे मेंदूतील पिंड आकसणे. दुसरी म्हणजे हालचाली किंवा चिन्ह-अंक चाचणी यांत बदल दिसणे. आणि तिसरी म्हणजे दैनंदिन कार्यक्षमता घटणे. बुद्धीच्या चाचणीस हालचालींच्या बरोबरीचे स्थान मिळाले, ही यातील लक्षणीय गोष्ट होय.

मोजणीवाचून औषधाची पारख नाही

या रोगाची गती रोखणारे सर्वमान्य औषध अद्याप उपलब्ध नाही. हालचाली, खिन्नता व चिडचिड यांवर उपाय आहेत. बुद्धीच्या घटीवर नाही. नवे औषध उपयोगी आहे की नाही हे ठरवावयाचे, तर औषधावाचून रोग कोणत्या वेगाने पुढे जातो हे आधी ठाऊक असावे लागते. त्यासाठी २०१७ साली कार्यक्षमता, हालचाली, चिन्ह-अंक चाचणी व शब्दवाचन यांचा मिळून एक संयुक्त निर्देशांक बनविण्यात आला.

त्याची कसोटी लवकरच लागली. सदोष प्रथिनाचे प्रमाण घटविणारे ‘टोमिनर्सन’ हे औषध पाठीच्या कण्यातील द्रवात टोचून ७९१ व्यक्तींच्या चाचणीत तपासले जात होते. मार्च २०२१ मध्ये स्वतंत्र समितीच्या शिफारशीवरून ते देणे थांबविण्यात आले. ज्यांना औषध अधिक वेळा दिले होते, त्यांची स्थिती निष्क्रिय द्रव्य दिलेल्यांहून वाईट आढळली. ही निराशा मोठी होती. परंतु काळजीपूर्वक मोजणी नसती, तर औषधाने होणारी हानी ही रोगाचीच स्वाभाविक उतरण म्हणून खपून गेली असती.

सप्टेंबर २०२५ मध्ये यूनिक्यूर या कंपनीने मेंदूत थेट सोडावयाच्या एका जनुकीय उपचाराचे निष्कर्ष जाहीर केले. अधिक मात्रा मिळालेल्या गटात तीन वर्षांत संयुक्त निर्देशांकाची घट ७५ टक्क्यांनी कमी झाली, असे त्यात म्हटले होते. तीन वर्षे पूर्ण केलेले या गटातील रोगी केवळ बारा होते, आणि तुलना ‘एन्रोल-एचडी’ या नोंदवहीतील, उपचार न मिळालेल्या रोग्यांशी केली होती. तेव्हा हा अंतिम निर्णय मानता येणार नाही. ‘एन्रोल-एचडी’ २०१२ साली सुरू झाली असून तीत युरोप, उत्तर व दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या भागांतील वीस हजारांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली आहे. त्या वर्षातून एकदा केंद्रात येऊन तपासणी करून घेतात. त्यांच्या नोंदी नसत्या, तर वरील तुलनाच शक्य झाली नसती.

भारतीय भाषांचा प्रश्न

हा रोग भारतातही आढळतो. पण परदेशात इंग्रजीत घडलेली मापे जशीच्या तशी येथे लागू पडत नाहीत. इंग्रजीत एका अक्षराने आरंभ होणारे शब्द विचारणे सोपे आहे. देवनागरीत ‘क’ हे अक्षर दिले, तर ‘किल्ला’ व ‘कूस’ हे शब्द धरावयाचे की नाहीत, हे आधी ठरवावे लागते. ज्याला अक्षरओळख नाही त्याला स्ट्रूपची चाचणी देताच येत नाही. शाळेत देवनागरी अंक शिकलेला माणूस छापील इंग्रजी अंकांपाशी क्षणभर अडखळला, तर तो विलंब रोगाचा नव्हे. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २००४ साली भारतीय प्रौढांसाठी बुद्धीच्या चाचण्यांचा संच तयार केला आणि वय, शिक्षण व स्त्री-पुरुष यांनुसार निरोगी माणसांचे प्रमाणांक त्यात दिले. प्रत्येक भाषेत व प्रत्येक शैक्षणिक स्तरावर असे प्रमाणांक असणे, ही येथील पाठपुराव्याची पहिली गरज आहे.

कुटुंबाला याचा काय लाभ?

संशोधनाचा विचार बाजूला ठेवला, तरी नियमित तपासणीचा कुटुंबास प्रत्यक्ष उपयोग असतो. माणसाचा वेग मंदावला आहे हे आकड्याने कळले की, त्याला आळशी म्हणण्याचे कारण उरत नाही. वाहन चालविणे केव्हा सोडावे, कामाचे स्वरूप केव्हा बदलावे, पैशाच्या व्यवहारात दुसऱ्याची सही केव्हा जोडावी, हे निर्णय अपघात किंवा नुकसान होण्यापूर्वी, आणि रोग्याला स्वतः मत देता येत असतानाच घेता येतात. रोजच्या वागण्यातही काही साध्या गोष्टी साह्यकारी होतात. एका वेळी एकच काम सांगावे, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबावे, ‘काय खाशील?’ असे विचारण्याऐवजी ‘भात हवा की पोळी?’ असे विचारावे. मनातून शोधून काढण्यापेक्षा समोर असलेले निवडणे या रोग्यांना सोपे जाते, हे आपण वर पाहिलेच आहे.

मात्र एक मर्यादा पाळली पाहिजे. आपल्यात हे जनुक आहे की नाही, हे न जाणण्याचाही प्रत्येकाला अधिकार आहे. संभव असलेल्या व्यक्तींपैकी बहुसंख्य लोक ही तपासणी करून घेत नाहीत. तपासणी प्रौढाने स्वेच्छेने, पूर्वसल्ला घेऊन करावयाची असते. लक्षणे नसलेल्या मुलांची ती करीत नाहीत. दीर्घ पाठपुराव्याच्या अभ्यासांतही भाग घेणाऱ्याला स्वतःचा निकाल कळविलाच पाहिजे असे नसते. आपल्या वाट्याला काय आले आहे हे न जाणताही अनेक माणसे वर्षानुवर्षे येतात, चिन्हांखाली अंक लिहितात, टिकटिक बंद झाल्यावर बोटाने ताल धरतात आणि पुढील वर्षीची तारीख घेऊन घरी जातात. त्यांच्यापैकी पुष्कळांना स्वतःस याचा लाभ होण्याचा संभव थोडा आहे. परंतु पुढे जे औषध खरोखर गुणकारी ठरेल, त्याचा गुण ओळखला जाईल तो त्यांनीच भरून दिलेल्या या कागदांवरून.